ओमाच्या चहातले शेंगदाणे

दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर घर बांधू नये, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तेहतीस वर्षं मी मिरजेत नगर भूमापनाच्या कचेरीत नकाशे गिरवले. शेजारच्या हद्दीत वीतभर शिरलेली भिंत किती पिढ्यांना भांडायला पुरते, ते रोज बघितलं. आणि तरी कचेरी सुटली की घरी येऊन मी नेमकं तेच करत बसायची. दुसऱ्यानं आखलेल्या जगात आपली घरं बांधायची.

ते जग म्हणजे ओसरबेट. आम्ही लहान असताना एका पाक्षिकात ही चित्रकथा यायची. समुद्र ओसरून गेलेलं बेट, मिठाच्या मैदानात कलंडून पडलेली जहाजं, आणि जहाजांऐवजी आता पायी चालणाऱ्यांना वाट दाखवणारी दीपगृहं. सदतिसाव्या भागानंतर पाक्षिक बंद पडलं. शेवटच्या चौकटीत कथेची नायिका शिडी चढत होती. ती बिचारी सत्तेचाळीस वर्षं शिडीवरच आहे.

माझा धाकटा भाऊ तुषार आणि मी एकाच अंकावर पालथे पडून वाचायचो. चौदाव्या भागात एका चौकटीच्या कोपऱ्यात, दीपगृहाच्या खिडकीतून, कंदील धरलेला एक हात दिसतो. नुसता हात. तुषारनं त्यावर बोट ठेवलं आणि बऱ्याच वेळानं विचारलं, हा कोण? पुढच्या तेवीस भागांत कुणी त्याचं उत्तर दिलं नाही.

तुषार मोठा होऊन वायरमन झाला. एकतिसाव्या वर्षी डेंग्यूनं गेला. नऊ दिवसांत सगळं आटोपलं. त्यानंतर तीन वर्षांनी मी ओसरबेटाच्या चाहत्यांच्या संकेतस्थळावर माझी पहिली गोष्ट टाकली. त्या हाताला मी माणूस दिला, आणि त्या माणसाला नाव दिलं ओमा. ओमा कंदीलवाला. वाचणाऱ्यांना वाटलं, बाईची कल्पनाशक्ती जबरदस्त आहे. कल्पनाशक्ती कसली, मी माझा भाऊ मिठावर नेऊन ठेवला होता.

आम्ही चाहते स्वतःला ओसरकर म्हणवायचो. असू तीनेकशे. कुणी गोष्टी लिहायचं, कुणी चित्रं काढायचं. मी बेटाचे नकाशे काढायची, तेही प्रमाण आणि दिशा टाकून, कारण सवय जाता जात नाही. आमच्यात एक रीत होती, उसनवारी. दुसऱ्यानं घडवलेलं पात्र आपल्या गोष्टीत हवं असेल तर त्याला हातानं लिहिलेलं कार्ड पाठवून मागायचं. त्यानं कार्डावर 'दिला' असं लिहून परत पाठवलं तरच वापरायचं. आणि शेजारणीची वाटी जशी रिकामी परत करत नाहीत, तसं ते पात्र परत करताना त्यात काहीतरी घालून करायचं. एखादी सवय, एखादी जुनी जखम, आवडीची भाजी, काहीही. माझ्या सगळ्या पात्रांना लोकांनी असं काही ना काही घालून परत केलं. फक्त ओमा मी कधी कुणाला दिला नाही.

सगळ्यात जास्त वेळा तो मागितला नीलांबरी वानखेडेनं. अकोल्याची, शाळेत भूगोल शिकवायची. तिच्या गोष्टी आणि माझे नकाशे अशी आमची जोडी जमली ती वीस वर्षं टिकली. दर पंधरा दिवसांनी मोठं पत्र. माझी तिला, तिची मला. पाचव्यांदा तिनं ओमा मागितला तेव्हा मी तिला लिहिलं की तो माझा भाऊ आहे, म्हणून देत नाही. ही गोष्ट मी जगात तिला एकटीला सांगितली. त्यानंतर तिनं परत मागितला नाही. उलट ती त्याची चौकशी करू लागली. कसा बसायचा, काय खायचा, चिडायचा का. आणि मीही वेड्यासारखी लिहीत गेले. पक्कडीच्या मुठीला तो लाल टेप गुंडाळायचा. चहात शेंगदाणे टाकून ते तळाशी बुडाले की चमच्यानं काढून खायचा. रॉकेलचा हात लागला की बोटं हुंगून बघायचा. असली माणसाची चिंधी-चिंधी मी तिला लिहिली. मेलेल्या माणसाबद्दल कुणी आवडीनं विचारणारं भेटलं की बाई हातचं राखत नाही.

एक गोष्ट सोडून. ती पुढं येईलच.

*

दोन वर्षांपूर्वी एका कंपनीनं पाक्षिकाच्या वारसांकडून ओसरबेट विकत घेतलं. त्यांच्याकडं 'सहवास' नावाचं यंत्र होतं. त्याचं शास्त्र मला त्यांच्या प्रतिनिधीनं माझ्या स्वयंपाकघरात बसून समजावलं. तरुण, चुणचुणीत मुलगी होती.

जुनी यंत्रं पुढचा शब्द अंदाजानं लावायची. म्हणून त्यांच्या गोष्टीतला माणूस सकाळी भित्रा तर संध्याकाळी शूर निघायचा. सहवास आधी जग उभं करतं. मिठावरून वारा कुठून येतो, एका कंदिलाला किती तेल लागतं, ते तेल कोण वाहून आणतं. मग त्या जगातल्या एकेका माणसाचा गाभा बांधतं. गाभा म्हणजे त्याला काय हवंय, कशाची भीती आहे, तो काय लपवतो. पुढं त्याच्या तोंडून निघणारं प्रत्येक वाक्य या गाभ्यावर घासून बघितलं जातं आणि बसलं नाही तर निघतच नाही. तुम्ही चष्मा घालून आत जाता, त्याच्याशी बोलता. आज भांडून आलात तर महिन्यानंही तो फुगलेलाच सापडतो. आणि तो सगळ्यांना एकच असतो. तुम्ही गेलात, मी गेले, त्याला दोघींची आठवण राहते.

गाभा बांधायला पुरावा लागतो. मूळ कथेत तो चिमूटभर, चाहत्यांच्या लिखाणात पोतंभर. मी म्हटलं, "पण आम्ही प्रत्येकानं वेगळंच लिहिलंय की. एकाचा सरदार दारुडा, दुसऱ्याचा माळकरी."

"तेच तर बरं पडतं, मॅडम. तुम्ही जमीन कशी मोजायचा?"

तीन ठिकाणांहून तीन मापं घ्यायची. तिन्ही थोडी चुकतात. चुका एकमेकींशी ताडून खरा बिंदू कुठं असणार ते काढायचं. यंत्रही तसंच करत होतं. लिहिणाऱ्याच्या डोक्यात पात्रामागं कुणी खरा माणूस असला, तर त्याच्यापर्यंतही पोचत होतं.

"आणि सगळ्यात उपयोगी काय पडतं सांगू?" ती म्हणाली. "खाजगी पत्रं. कच्चे कागद. अमुक पात्र असं का वागलं, याची कारणं."

मी तिला चहा दिला आणि नकार दिला. माझं लिखाण नाही, माझे नकाशे नाहीत, ओमा तर मुळीच नाही. ती हिरमुसली, पण लिहून घेऊन गेली. नीलानं तिच्या गोष्टी दिल्या. मला राग आला नाही. तिच्या गोष्टी तिच्या, तिनं काय वाटेल ते करावं.

या वर्षी आषाढात सहवासातलं ओसरबेट उघडलं. महिन्याभरात लाखांनी लोक जाऊ लागले. मी गेले नाही. ज्या लग्नाचं बोलावणं आपणच नाकारलं, त्यात कशाला डोकवायचं?

*

भाद्रपदात मला एक चित्र दिसलं. नाशिकच्या कुणा कॉलेजातल्या मुलीनं काढलेलं. चाहत्यांची चित्रं मी अजून चाळायची, तेवढीच जुनी खोड. चित्रात दीपगृहाची खोली, खिडकीत कंदील आणि त्याच्याजवळ एक पाय मुडपून बसलेला माणूस. हातात चहाचा कप. चमच्यानं तो कपाच्या तळातले शेंगदाणे काढत होता.

शेंगदाणे माझ्या एकाही गोष्टीत नव्हते.

मग मी त्याचं मनगट बघितलं. त्यावर निळ्या दोऱ्याची राखी होती. चित्राखाली मुलीनं लिहिलं होतं: 'ही राखी कुणाची विचारलं तर ओमा म्हणाला, माझ्या ताईनं बांधली.'

त्याची ताई मी होते. आणि मी चोवीस वर्षांत कुणाला राखी बांधली नव्हती.

मी अकोल्याला फोन लावला.

"नीला, ओमा चहात शेंगदाणे टाकतो, हे त्यांना कुणी सांगितलं गं?"

"अवं, ते यंत्र लय हुशार आहे, वैजू. त्यानं काढलं असन शोधून तुह्या गोष्टींतून."

"माझ्या गोष्टी मी दिल्याच नाहीत."

तिच्या घरातला कुकर शिट्टी देत होता, तो मी ऐकत राहिले.

"तू येऊन जाय ना इकडं," ती म्हणाली. "फोनवर नाही सांगता येत मले."

ती खोटं बोलली, याचा मला शेंगदाण्यांपेक्षा जास्त राग आला. वीस वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदा खोटं बोलत होती, आणि तिला ते जमतही नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मिरजेहून गाडीत बसले.

निघताना पिशवीत एक अर्ज टाकला. नव्या कायद्यानं मेलेल्या माणसाशी जुळणारं पात्र असेल तर जवळच्या नातेवाइकाला हरकत घेता येते. हरकत आली की बहात्तर तासांत ते पात्र पुसावं लागतं, कारण विचारत बसता येत नाही. हरकतीचे अर्ज मी जन्मभर लोकांकडून घेतले होते. स्वतः भरायची पहिलीच वेळ. नाव, नातं, साम्य, सही. एवढ्या चार ओळींत माझा भाऊ दुसऱ्यांदा जाणार होता.

*

नीला दारातच उभी होती. थकलेली दिसली. दोन वर्षांपूर्वी तिची आई गेली आणि तेव्हापासून ती त्या घरात एकटी. लग्न केलं नाही, सख्खं भावंड नाही. टेबलावर पोहे झाकून ठेवलेले, आणि शेजारी चष्म्यांचे दोन जोड. एकाची काच बोटांनी मळकी झालेली, दुसरा नवाकोरा. तो माझ्यासाठी आणून ठेवला होता.

"पत्रं दिलीस?" मी चप्पलसुद्धा काढली नव्हती.

"दिली."

"सगळी?"

"सगळी. चारशे अडुसष्ट." ती खाली बघत होती. "करारात कलम होतं, वैजू. पत्र ज्याले आलं, कागद त्याचा. अन् तो खिडकीतला हात तर मूळ कथेतलाच आहे, तो त्यांचाच होता. ते ओमाले उभा करणारच होते. नुसता सांगाडा. भलतंच बोलत होता तो. मी पाहून आली. मले नाही पाहवलं वं."

"मग मला विचारायचं होतंस की."

"विचारलं असतं तर दिला असता काय?"

"नाही."

"मंग?"

उत्तर नसलं की माणूस आवाज चढवतो. मीही चढवला. तिला नाही नाही ते बोलले. ती ऐकून घेत होती, आणि ऐकता ऐकता तिनं नवा चष्मा पुढं केला.

"एकदा भेटून घे त्याले. मंग काय करायचं ते कर."

मी तो घालायला नको होता. पण चोवीस वर्षं भाऊ न बघितलेली कुठली बाई असं म्हटल्यावर नाही म्हणेल?

*

मीठ पायाखाली करकरलं. तो आवाज मी गोष्टींत शंभरदा लिहिला होता, ऐकला पहिल्यांदा. दीपगृहाच्या एकशे बारा पायऱ्या माझ्याच नकाशाप्रमाणं होत्या, म्हणजे पत्रांतली माझी कच्ची रेखाटनंही तिथं पोचली होती. वर खोलीत तो कंदिलाची वात कापत बसला होता.

चेहरा तुषारचा नव्हता. सगळ्या चाहत्यांनी काढलेल्या ओमांचा मिळून एक झालेला; चित्राला कार्ड लागत नसे. पण बाकीचा माणूस तोच होता. एक पाय मुडपलेला. मागच्या खिशात लाल टेपची पक्कड. वात कापून झाली, त्यानं बोटं नाकाशी नेली आणि हुंगली. मी पुढं झाले.

"ताई, आलीस व्हय?" तो म्हणाला. "आज उशीर केलास."

तो नीलाशी बोलत होता.

"गाडी आली ना रे पाहुण्यांची," नीला म्हणाली. ती त्याच्याजवळ जाऊन अशी बसली की रोजची जागा असावी. "ही वैजू. माही मैत्रीण."

मैत्रीण! मी तिच्याकडं बघितलं. ती माझी नजर चुकवत होती. पत्रं तिच्या नावावर आलेली, रोज त्याला भेटायला येणारी ती, त्याची विचारपूस करणारी ती. यंत्रानं सगळी मापं ताडून बघितली होती आणि ताईचा बिंदू नीलावर काढला होता. आणि नीलानं ती चूक दुरुस्त केली नव्हती. राखी बांधली होती.

"बसा की," तो मला म्हणाला. "चहा टाकतो. शेंगदाणे चालतात का चहात? लोक नावं ठेवतात, पण एकदा खाऊन बघा."

काय गोड बोलायचा! सरळ, खळाळत, हसत. लोक लाखांनी का येतात ते मला कळलं. कुणाला वाटेल असा भाऊ असावा.

मी विचारलं, "तुझं नाव काय?"

"ओमा."

"ते मी ठेवलेलं. खरं नाव सांग."

त्यानं नीलाकडं बघितलं. तिनं मान हलवली. आणि मी, मला कळायच्या आत, तोंड फिरवून खिडकीबाहेर मिठाकडं बघायला लागले.

आता ती एक गोष्ट.

तुषार अडखळायचा. सगळ्याच शब्दांवर नाही, पण 'त' आला की अडायचा. आणि आमच्या आईबापांनी नेमकं त्याचं नाव तुषार ठेवलं होतं. शाळेत मास्तरांनी नाव विचारलं की मान ताणून, डोळे मिटून, त-त-त करत राहायचा आणि अख्खा वर्ग खिदळायचा. मला नावानं हाक मार, मी त्याला सांगितलं होतं. 'वैजू' त्याला सहज यायचं. ऐकला नाही. रोज दारातून आत येताना 'ताई' म्हणायचाच. कधी चार सेकंद, कधी पंधरा. त्याच्या तोंडाकडं बघत राहिलं की त्याला जास्त वेळ लागायचा, म्हणून मी दुसरीकडं बघायची. पंख्याकडं, कॅलेंडरकडं. घाई नाही असं दाखवत. शब्द निघाला की मगच त्याच्याकडं वळायची. एकतीस वर्षं माझी मान अशी वळत होती.

त्याला बघायला आलेल्या पाहुण्यांत मुलीचा मामा हसला, त्या दिवशी त्यानं माझ्याकडून वचन घेतलं. तो मेल्यावर नव्या माणसांना हे कळू द्यायचं नाही. तसंच म्हणाला होता, मरायला अजून सहा वर्षं असताना. मी पाळलं. गोष्टींत पाळलं, नकाशांत पाळलं, चारशे अडुसष्ट पत्रांत पाळलं. आणि त्याला ओमा नाव दिलं, ज्यात अडायला जागाच नाही.

तर मी खिडकीबाहेर बघत होते, त्याला वेळ द्यायला. मघाशी 'ताई' तो सहज म्हणाला होता, पण ती हाक नीलाला गेली त्या धक्क्यात ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"तुषार," तो म्हणाला. एका दमात. लोण्यातून सुरी जावी तसा.

माझी मान अजून वळलेलीच होती. थांबायला काही उरलंच नव्हतं. मला हसू फुटलं आणि ते आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. मी चष्मा ओढून काढला.

*

नीलानंही काढला. ती रडत होती.

"तुले राग आला तो मी ताई झाली याचा," ती म्हणाली. "मी सांगते त्यांना. तुलेही ताई म्हणन तो. दोघींले म्हणन."

"उपकार झाले."

"वैजू, तू त्याले वीस वर्षं कुलपात ठेवलं. कोणी गेलं म्हणून त्याले असं कुलूप लावते काय? मी जन्मभर भाऊबीजेले चंद्राले ओवाळलं. तुले तर एकतीस वर्षं भाऊ होता. मले एक दिवस नव्हता." तिची नजर माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या अर्जावर गेली. असले कागद तिलाही ओळखू येत होते. "तो अर्ज भरू नको. हात जोडते. आई गेल्यावर मले संध्याकाळी हाक मारणारा तोच एक आहे."

"कुलूप माझं होतं गं," मी म्हणाले. "किल्ली मी मैत्रिणीकडं दिली होती. चोराकडं दिली असती तर एवढं लागलं नसतं."

पोहे तसेच झाकलेले राहिले. परतीच्या गाडीला चार तास होते, ते मी अकोल्याच्या फलाटावर बसून काढले.

त्या बाकावर मला तिचा जितका राग आला, तितका जगात कुणाचा आला नव्हता. पण राग एकटा येत नाही, सोबत हिशेब घेऊन येतो. तिनं माझा भाऊ चोरला, खरंच. पण तिनं चोरलेला भाऊ पूर्ण होता कुठं? पहिला हात मीच मारला होता. वचनाच्या नावाखाली मी त्याची जीभ सरळ केली. एकतीस वर्षं त्यानं ज्याच्याशी झुंज घेतली, जे जिंकून तो रोज दारातून 'ताई' म्हणत आला, ते मी त्याच्यातून खोडून टाकलं आणि उरलेला गुळगुळीत माणूस मिठावर नेऊन बसवला. यंत्र चुकलं नव्हतं. मी दिलेल्या मापांवरून त्यानं बिंदू अचूक काढला होता. मापंच मी खोटी दिली होती.

मी अर्ज काढला. पेन काढलं. 'पात्राचे मृत व्यक्तीशी असलेले साम्य' असा रकाना होता. त्यासमोर मी बराच वेळ पेन धरून बसले. गाडी आली तेव्हा रकाना कोराच होता.

*

घरी आल्यावर मी नकाशाच्या जाड कागदाचं कार्ड कापलं. जुनं मोजमाप हाताला अजून माहीत होतं. त्यावर लिहिलं:

'ओमा कंदीलवाला. उसना नाही, दिला. परत आणू नकोस.'

खाली सही केली आणि टपालाच्या पेटीत टाकलं. पाचदा कार्ड पाठवून तिनं जो शब्द मागितला होता, तो तिला मिळाला. माझ्याकडून तिला गेलेला तो शेवटचा कागद.

आठ दिवसांत तिचं पत्र आलं. सहा पानी. पाच पानं रडणं आणि आभार. सहाव्या पानावर तिनं लिहिलं होतं:

'एक विचारते. त्यानं नाव सांगितलं तेव्हा तू हसलीस. त्या दिवसापासून माझं मन लागत नाही. काहीतरी चुकलंय त्याचं, आणि ते फक्त तुला माहीत आहे. काय ते सांग. मी त्यांच्याकडून दुरुस्त करून घेईन. मला तो खरा हवाय, वैजू.'

मी तीनदा लिहायला बसले. एका ओळीचं काम होतं. त्या एका ओळीनं ओमा थोड्याच दिवसांत अडखळू लागला असता. लाखभर लोक ते ऐकायला गेले असते. नाशिकच्या मुलीनं मान ताणलेला, डोळे मिटलेला ओमा काढला असता. कुणाला कीव आली असती, कुणी नक्कल केली असती. आणि नीला रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसून, दुसरीकडं बघत, वाट बघायला शिकली असती.

मी तिला लिहिलं नाही. ती अजून विचारते. दर पंधरा दिवसांनी पत्र येतं, मी उघडून वाचते आणि ठेवून देते. तिला आता रोज त्याच्याशी बोलताना वाटत असणार की काहीतरी खोटं आहे, आणि कुठं ते कळत नसणार. मला त्याचं वाईट वाटत नाही. वाटायला हवं, हे मला कळतं.

हे सगळं मी वहीत लिहिलंय, शाईनं, आणि वही कपाटात तुषारच्या पक्कडीखाली असते. वचन मोडलं असलं तर वहीपुरतंच.

परवा भाऊबीज झाली. गच्चीवर ताट घेऊन गेले. बीजेची कोर फार वेळ थांबत नाही, सूर्य बुडाला की तीही लगेच जाते. मी तिला ओवाळलं, सुपारी फिरवली. मग ताट हातात तसंच धरून शेजारच्या टाकीकडं बघत उभी राहिले. चार सेकंद झाले, पंधरा झाले. कोर बुडाली. मला घाई नव्हती.